कोणत्या ग्रहाचा?

ज्या वस्तूचा बाजारात एकच रंग मिळतो ती घ्यायला आमच्या घरात पाच मिनिटं लागतात. दोन रंग असले तर अर्धा तास, आणि तिसरा निघाला की 'उद्या परत येऊन बघू' असं ठरतं. घराला रंग काढायचा होता तेव्हा शेडकार्डावर 'ऑफ व्हाइट' या एका नावाखाली इतके चौकोन निघाले, की ती दिवाळी आम्ही जुन्या भिंतींतच साजरी केली. अशा घरातल्या माणसांसमोर टूरमलीन नावाचा खडा ठेवायला खरं म्हणजे कायद्याने बंदी हवी.

कारण बाकीची रत्नं कशी वळणाची असतात. माणिक लाल, पाचू हिरवा, पुष्कराज पिवळा. ज्याला जो रंग नेमून दिला तो त्याने सांभाळला. टूरमलीनला हा संयम नाही. गुलाबी, लाल, हिरवा, निळा, पिवळा, तपकिरी, काळा आणि कधी चक्क बिनरंगाचा, असा जो मिळेल तो रंग तो अंगाला लावून घेतो. त्यात बोरॉन, सिलिका आणि ॲल्युमिनियम हे घरचं सामान. बाकी जमिनीखाली जे हाताला लागेल ते. मँगनीज मिळालं की गुलाबी, लोखंड मिळालं की निळा-हिरवा, लोखंड फारच झालं की काळाकुट्ट. बरं, स्फटिक वाढता वाढता भोवतालचं द्रावण बदललं, की याचा रंगही बदलतो. मग एकच कांडी बुडाशी हिरवी, मध्ये पांढुरकी आणि शेंड्याला गुलाबी निघते. काहींच्या आत गुलाबी गर आणि बाहेर हिरवी साल असते. त्याला बाजारात 'वॉटरमेलन' म्हणतात आणि इतर खड्यांसारखे पैलू न पाडता पुष्कळदा त्याच्या आडव्या चकत्या कापूनच विकतात. म्हणजे ज्याला स्वतःलाच शेवटपर्यंत ठरवता आलं नाही कोणता रंग घ्यावा, तो खडा आम्ही ठरवून घ्यायचा.

हा प्रसंग आला जयपूरला. राजस्थानच्या सहलीत मी, ही, मेव्हणी आणि साडू असे चौघे होतो. सहलीच्या व्यवस्थापकाने जोहरी बाजाराच्या तोंडाशी बस थांबवून 'शॉपिंगला चाळीस मिनिटं' अशी घोषणा केली. ज्याचं लग्न झालेलं नाही असा माणूसच अशी घोषणा करू शकतो.

दुकान एका गल्लीत जिना चढून वर होतं. चपला बाहेर, आत गाद्या आणि त्यांवर पांढरी स्वच्छ चादर. आमच्याच बसमधल्या साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आधीच येऊन तक्क्याला टेकल्या होत्या. दुकानदार वयस्कर, शांत, बोलणं हळू. त्याने लोखंडी कपाटातून कागदाच्या पुड्या काढल्या. आम्ही लहानपणी औषधाच्या पुड्या बघितल्या होत्या तशाच घडीच्या, फक्त उघडल्यावर आत कडू पूड नव्हती. बोटाने कागदाची घडी उलगडली, आतला पातळ निळसर कागद बाजूला केला, आणि चिमट्याने एकेक खडा पांढऱ्या कागदावर मांडत गेला. बाजारातल्या बोलीत याला तुरमली म्हणतात, हे त्याने मांडता मांडता सांगितलं. मांडून झाल्यावर हात मागे घेऊन तो गप्प बसला.

"यातला चांगला कुठला?" हिने विचारलं.

"बहनजी, जो आपको अच्छा लगे."

इथे सगळा घोळ झाला. 'तुम्हाला आवडेल तो' हे काय उत्तर झालं? आपण वस्तू आवडली म्हणून घेतो का? टिकाऊ आहे म्हणून घेतो, औषधी आहे म्हणून घेतो, एकावर एक फुकट आहे म्हणून घेतो, अगदीच काही नाही तर जावेने घेतली म्हणून घेतो. नुसती आवडली म्हणून घ्यायची तर घरी गेल्यावर सांगायचं काय?

मेव्हणीने मुद्द्याला हात घातला. "कोणत्या ग्रहाचा हो हा?"

दुकानदार प्रामाणिक निघाला. म्हणाला, याला ग्रह नाही. माणिक रवीचा, मोती चंद्राचा, पोवळं मंगळाचं, पाचू बुधाचा, पुष्कराज गुरूचा, हिरा शुक्राचा, नीलम शनीचा, गोमेद राहूचा आणि लसण्या केतूचा. नऊच्या नऊ जागा भरल्या. तुरमली आली तेव्हा यादी बंद झाली होती.

मेव्हणीला हे पटेना. एवढा देखणा खडा आणि वर कोणी वाली नाही? तिने तिथूनच गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. गुरुजी बहुधा जेवायला बसले होते, पण खडा पाहून त्यांनी घास खाली ठेवला.

"हिरवा दिसतोय. पाचूचं उपरत्न म्हणून बुधाला चालेल."

"गुरुजी, अर्धा हिरवा आहे. अर्धा गुलाबी."

पलीकडे जरा शांतता. "गुलाबी म्हणजे माणकाच्या अंगाने जातो. म्हणजे रवी. रवी आणि बुध एकत्र..." आणि गुरुजींचा चेहरा उजळला. "अहो, हा तर बुधादित्य योग!"

आयुष्यभर पत्रिकेत शोधूनही जो योग सापडला नव्हता तो पुडीत सापडल्यामुळे मेव्हणी गहिवरली. "पण गुरुजी, घालायचा कोणत्या बोटात? बुधाची करंगळी, रवीची अनामिका."

त्याच क्षणी गुरुजींचं नेटवर्क गेलं.

साडूंचा ग्रहांवर विश्वास नाही. त्यांचा विश्वास परताव्यावर आहे. ते नातवाकडेही 'लाँग टर्म' म्हणून बघतात. त्यांनी विचारलं, "याची किंमत वाढते का?" दुकानदाराने उत्तर न देता एक वेगळी पुडी उघडली. आत तीळ म्हणावेत एवढे दोन खडे होते, पण असे निळे, की खोलीत ट्यूबलाइट लागल्यासारखं वाटलं. हा पाराईबा. ब्राझीलच्या पाराईबा राज्यात हेतोर दिमास बार्बोसा नावाचा एक गृहस्थ या टेकडीत काहीतरी वेगळं आहे म्हणून वर्षानुवर्षं खणत राहिला, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी त्याला हा तांब्यामुळे निळा झालेला टूरमलीन सापडला. १९९० साली अमेरिकेतल्या टूसॉनच्या रत्नप्रदर्शनात तो आला आणि प्रदर्शन संपायच्या आत त्याचा भाव कित्येक पटींनी चढला.

साडू सावरून बसले. "म्हणजे हे दोन ब्राझीलचे?"

"नहीं साहब, मोझांबिक."

पुढे आफ्रिकेत नायजेरिया आणि मोझांबिकमध्येही तांबंवाला टूरमलीन निघाला आणि व्यापाराने त्यालाही पाराईबा म्हणायला सुरुवात केली. साडूंना ही शुद्ध फसवणूक वाटली. तेव्हा मेव्हणीने त्यांना आठवण करून दिली की तिच्या लग्नातली पैठणी येवल्याची आहे. साडू गप्प झाले. मग त्यांनी पाराईबाची किंमत विचारली आणि आणखी गप्प झाले.

आता बाईंनी सूत्रं हातात घेतली. मुख्याध्यापिका इतिहास शिकवत. त्या म्हणाल्या, "१७७७ साली स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनला भेटायला गेला, तेव्हा त्याने तिला अडीचशे कॅरेटहून मोठं माणिक नजर केलं. विसाव्या शतकात तपासणी झाली, तर ते माणिक नव्हतंच. लाल टूरमलीन."

"अरे देवा! मग तिला कळलं तेव्हा केवढा धक्का बसला असेल!" मेव्हणी.

"कळायला ती होती कुठे? तिला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती."

"म्हणजे जन्मभर खूशच होती ना," ही म्हणाली आणि गुलाबी खड्यांची पुडी स्वतःकडे ओढली.

बाई थांबल्या नाहीत. चीनच्या राजमाता त्सिशी यांना गुलाबी टूरमलीनचं वेड होतं. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो परगण्याच्या खाणी राबत होत्या. पेट्या भरभरून माल समुद्रापार जात होता. १९१२ साली तिकडे राजवट कोसळली आणि इकडे खाणींचा धंदा बसला. साडूंनी हा धडा मनात नोंदवून घेतलेला मला स्पष्ट दिसला: एकाच बाईच्या आवडीवर अवलंबून राहू नये. नोंदवून घेणं वेगळं, तसं वागायला मिळणं वेगळं.

माझं सगळं लक्ष एव्हाना 'जन्ममासाचा खडा' या कोष्टकाकडे लागलं होतं. ते भिंतीवरच टांगलेलं होतं. ऑक्टोबरसाठी ओपल आणि टूरमलीन. ही यादी वेदकाळापासून चालत आली असावी असा माझा समज. पण दुकानदार म्हणाला की ती अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांनी १९१२ साली कान्सास सिटीमध्ये बैठक घेऊन पक्की केली. म्हणजे ज्यांना माल विकायचा होता त्यांनीच कोणत्या महिन्यात जन्मलेल्याने काय घ्यावं ते ठरवलं. मला त्यांचा आदर वाटला. हिचा जन्म एप्रिलचा. मी सहज एप्रिलच्या रकान्यावर नजर टाकली. तिथे हिरा होता. मी लगेच कोष्टकाकडे पाठ करून बसलो आणि पुढचा अर्धा तास हिलाही तिकडे वळू दिलं नाही.

एव्हाना दोन खड्यांवर गाडी येऊन थांबली होती आणि 'उजेडात बघू' ही पायरी आली. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग वेगळा दिसतो आणि दिवसाच्या उजेडात वेगळा, हे अगदी खरं आहे. त्यामुळे ही, मेव्हणी, बाई, खडे आणि खड्यांवर नजर ठेवणारा दुकानातला पोरगा अशी मिरवणूक जिना उतरून गल्लीत गेली. गल्लीत स्कूटर, हातगाडी, एक बैल आणि तीन मराठी बायका तळहात आकाशाकडे धरून उभ्या. पण बाहेरच्या भिंती जयपुरी गुलाबी. त्यांच्या शेजारी धरला की हिरवा खडाही लाजल्यासारखा दिसायचा. मग सावली शोधायला पलीकडे गेल्या. पलीकडे साडीचं दुकान होतं. ती वेगळी कथा.

इकडे वर आम्ही दोघे साडू एका तिसऱ्या खड्यावरून भांडत होतो. मी म्हणत होतो फिका हिरवा, ते म्हणत होते काळपट. आवाज चढले. शेवटी दुकानदाराने खडा दोघांच्या मध्ये धरून फिरवला. टूरमलीन लांबीच्या दिशेने बघितला तर गडद दिसतो आणि आडवा बघितला तर फिका. म्हणून कारागिराला पैलू पाडायच्या आधी विचार करावा लागतो की कोणती बाजू वर ठेवायची. आम्ही समोरासमोर बसलो होतो, एवढंच. आमच्या नात्याच्या इतिहासात प्रथमच दोघंही एकाच वेळी बरोबर ठरलो, आणि त्याने दोघांचाही विरस झाला.

मिरवणूक परत आली ती नव्या शंकेसह. काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवलेल्या खड्यांवर धूळ का बसली आहे? पोरगा फडक्याने पुसत होता आणि धूळ पुन्हा येत होती. दुकानदार म्हणाला, हा तुरमलीचा स्वभावच. गरम झाला की याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण विद्युत्भार येतो आणि तो धूळ ओढून घेतो. अठराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून हा खडा हॉलंडला नेला तेव्हा तिथले लोक पाइपमधली राख ओढून काढायला तो वापरत.

"म्हणजे घरात ठेवला तर धूळ सगळी याच्यावर येऊन बसेल?" हिचे डोळे चमकले.

"याच्यावर बसेल, पण पुसायचं कोणी?" मेव्हणी.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा कोष्टकाकडे पाहण्याच्या बेतात होतो, पण तिकडे हिरा होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमच्या बसचा हॉर्न वाजला आणि त्या दचक्यात साडूंच्या हातातल्या चिमट्यातून खडा सुटला. टिक्‌ असा बारीक आवाज झाला आणि खडा गायब.

"कोणी हलू नका!" साडू ओरडले.

खोलीतली सगळी माणसं जशी होती तशी गोठली. बाईंचा चहाचा कप ओठांपाशी, मेव्हणीचा हात पर्समध्ये, माझं एक ढुंगण वर. पोरगा चारी पायांवर येऊन चादर तपासू लागला. बस हॉर्न वाजवत होती. दुकानदार मात्र निवांत. "मिल जाएगा. कहाँ जाएगा?" त्याच्या आवाजात जो भरवसा होता तो वर्षानुवर्षं खडे उडताना पाहिलेल्या माणसाचाच असतो. खडा माझ्या स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीत निघाला. सर्वांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, पण त्यानंतर दुकान सोडेपर्यंत पोरगा माझ्या जवळच बसून राहिला.

बसमध्ये जाता जाता मेव्हणीने काळ्या टूरमलीनचा एक ओबडधोबड तुकडाही उचलला. टूरमलीनमध्ये काळा सगळ्यात जास्त सापडतो आणि सगळ्यात स्वस्त मिळतो, म्हणून हल्ली त्याला सगळ्यात जास्त कामं दिलेली आहेत. तो दृष्ट काढतो, वाईट ऊर्जा शोषतो आणि मोबाइलच्या किरणांपासून रक्षण करतो. तिच्या मुलाने हिंजवडीतल्या फ्लॅटमध्ये एक तुकडा वायफायच्या राउटरशेजारी ठेवला आहे, रेडिएशन अडावं म्हणून. आता नेट हळू चालतं अशी त्याची तक्रार आहे, म्हणून राउटर तो उशाशी घेऊन झोपतो. तिच्या दुसऱ्या हातात हृदयचक्र शुद्ध करणारं गुलाबी टूरमलीनचं कडं होतं. फिका गुलाबी टूरमलीन गडद करायला पुष्कळदा त्यावर किरणोत्सर्गाचा मारा करतात आणि तसा केला की नाही हे प्रयोगशाळेलाही सहसा ओळखता येत नाही, हे दुकानदाराने मला जिन्यात हळूच सांगितलं होतं. एका हाताने किरणं अडवायची आणि दुसऱ्या हाताने त्यांचा रंग मिरवायचा, हा समतोल बिघडवण्याची माझी काय प्राज्ञा! मी गप्प राहिलो.

हिने शेवटी घेतला तो दोन रंगांचा खडा. आणि घरी आल्यावर कारणांचा कारखाना सुरू झाला. माझ्या आईला सांगण्यात आलं की याने रक्तदाब आटोक्यात राहतो. भिशीतल्या बायकांना सांगण्यात आलं की ही गुंतवणूक आहे. मुलीला सांगितलं, तुझ्यासाठीच ठेवलाय. शेजारच्या काकूंना सांगितलं, जयपूरला म्हणजे निम्म्या किमतीत. मला सांगितलं, तुम्हीच तर म्हणालात घे म्हणून. प्रत्येक माणसाला त्याच्या मापाचं कारण मिळालं आणि सगळे समाधानाने घरी गेले. कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही, मी म्हटलं असेन.

मग आम्ही अंगठी करायला नेहमीच्या सराफांकडे गेलो. त्यांचं दुकान आणि आमचं घराणं तीन पिढ्या एकमेकांना सोडायला तयार नाही. त्यांनी ऑर्डरची वही उघडली.

"कोणत्या ग्रहाचा, वहिनी?"

"कोणत्याच नाही."

पेन थांबलं. "मग बोट कोणतं घ्यायचं?"

"ज्यात शोभेल ते."

"खाली घर उघडं ठेवू ना? खडा अंगाला लागायला हवा."

"झाकलंत तरी चालेल."

"वार? मुहूर्त?"

"तुमची सुट्टी सोडून कधीही."

सराफांनी चष्मा काढून वहीवर ठेवला. चाळीस वर्षांच्या व्यवसायात असं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. "मग वहिनी, घेतलात कशासाठी?"

रक्तदाब, गुंतवणूक, मुलीचं लग्न, बुधादित्य, सगळी कारणं मी मनात हात जोडून उभी केली. पण ही सरळ म्हणाली, "आवडला."

सराफांनी माझ्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं, की मला वाटलं आता पाणी मागवतात. "मोडीत खड्याचे पैसे येत नाहीत, बरं का," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "सोन्याचे येतील तेवढेच. आधीच सांगून ठेवतो." मग रीत म्हणून त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. खडा फिरवला. आणखी एकदा फिरवला. तसाच चिमट्यात धरून ते दुकानाच्या पायरीवर गेले आणि उजेडात धरून बराच वेळ बघत उभे राहिले. रस्त्यावरून जाणाऱ्या दोघातिघांनी त्यांना नमस्कार केला, तो त्यांना दिसला नाही.

परत येऊन त्यांनी खडा पुडीत बांधला, वहीत 'शोभेचा' असं लिहिलं आणि माझ्याकडे वळून आवाज खाली आणत म्हणाले, "त्या जयपूरवाल्याचा पत्ता असेल ना तुमच्याकडे? नाही म्हणजे, आमच्या हिचे गुडघे फार दुखतात हो."